घरी बंद पडणारा लॅपटॉप

माझा लॅपटॉप फक्त घरी बंद पडायचा. दुकानात नेला की शहाण्यासारखा चार-चार तास चालायचा, दादरला बहिणीकडे नेला तरी चालायचा, आणि लालबागच्या आमच्या खोलीत आला की सकाळी सात-सव्वासातच्या सुमाराला डोळे मिटायचा. कधी आपणहून पुन्हा उठायचा, कधी बटण दाबून उठवावा लागायचा. उठल्यावर पहिलं काम काय, तर मला दोष देणं. मागच्या वेळी तुम्ही मला नीट बंद केलं नव्हतं, असं काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहून यायचं. गॅसचा नळ बंद केला की नाही हे बघायला मी तीन जिने उतरून परत वर येणारी बाई आहे. मला हे कोणी सुनवावं, तर एका मशीनने.

एरवी मी त्याला कपाटात टाकून विसरून गेले असते. पण त्या महिन्यात माझं सगळं त्याच्यावर होतं. बावीस वर्षं मी फोर्टातल्या एका ऑफिसात आवक-जावक सांभाळली. आलेलं पत्र नोंदवायचं, गेलेलं पत्र नोंदवायचं, आणि साहेबांनी ‘ते पत्र कुठे गेलं’ म्हणून आरडाओरडा केला की वहीत बोट ठेवून ‘तुमच्याच टेबलावर’ असं सांगायचं. ते ऑफिस बंद झालं. त्रेपन्नाव्या वर्षी मी घरी बसले आणि आमच्या मजल्यावरच्या प्रत्येकीने मला सांगितलं की बरं झालं, आता आराम करा. आराम हा शब्द मला तेव्हापासून आवडत नाही. वर्षभर मी डाळी निवडल्या, पडदे धुतले, आणि नवऱ्याच्या चहात किती साखर असावी यावर रोज वाद घातला. तो बससेवेतून निवृत्त झालेला, स्वभावाने शांत, त्यामुळे वादही मला एकटीलाच घालावा लागायचा.

मग एका ओळखीतून एका संस्थेचं काम आलं. अमेरिकेतल्या मराठी घरांतल्या मुलांना लॅपटॉपवरून मराठी शिकवायचं. सोमवार ते शुक्रवार, आपले सकाळचे सात, तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ. चार मुलं, एक बॅच. पहिला महिना परीक्षेचा, जमलं तर कायम. मी आयुष्यात कधी शिकवलं नव्हतं, पण मला बोलायला आवडतं आणि चुका काढायला त्याहून जास्त आवडतं, तेव्हा ते जमून गेलं. पहिल्याच आठवड्यात मुलं मला ‘बाई’ म्हणायला लागली. सकाळी साडेसहाला मी साडी नेसून, केस विंचरून टेबलापाशी बसायची, आणि ऑफिस बंद झाल्यापासून पहिल्यांदा मला कोणीतरी वाट बघत असल्यासारखं वाटायचं. मला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की ते मी कोणाला सांगितलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात, ‘आजोबा’ या शब्दाचं अनेकवचन काय यावर मुलांत भांडण जुंपलेलं असताना, पडदा काळा झाला. मी दोन मिनिटं त्या काळ्या काचेत माझंच तोंड बघत बसले. लॅपटॉप उठून, सगळे पासवर्ड घालून, वर्गात परत जाईपर्यंत सात मिनिटं गेली होती आणि दोन मुलं जेवायला निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी तेच. एक दिवस सोडून पुन्हा तेच.

चाळीत कोणाला काही झालं की औषधं सांगणारे फार. एकजण म्हणाला व्हायरस आहे, एकजण म्हणाला फॉरमॅट मारा, शेवटच्या खोलीतल्या आजींनी दृष्ट काढायला सांगितली. नवरा म्हणाला, “तो तुला घाबरतो. तू वर्गात ओरडतेस, त्याला वाटतं त्यालाच ओरडतेयस.” मी त्या दिवशी त्याच्या चहात साखर घातलीच नाही.

शेवटी लॅमिंग्टन रोडला न्यायचं ठरवलं. हा लॅपटॉप मी तिथूनच घेतलेला, सेकंडहँड, जुना पण धडधाकट. न्यायच्या दिवशी मी त्याची तयारी केली. आमच्या घरात माणूस असो की वस्तू, चारचौघांत जाताना नीटनेटकी जाते. माझी आई ताप आला तरी डॉक्टरकडे जाताना इस्त्रीचं पातळ नेसायची. तसाच मी लॅपटॉप मऊ फडक्याने पुसला, कपाटातली बॅटरी काढून जागेवर बसवली, बटणांच्या फटींतून जुना ब्रश फिरवला आणि साडीच्या दुकानातल्या नव्याकोऱ्या पिशवीत घालून टॅक्सीत बसले.

दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर ठेवणारा. त्याने लॅपटॉप उघडला, आतली धूळ फुंकून काढली, एक हिरवी पट्टी काढून पुन्हा बसवली, विंडोज नवीन टाकली, आणि त्याच्यावर एक लांबलचक व्हिडिओ लावून ठेवला. मी समोरच्या स्टुलावर बसून राहिले. दीड तास झाला, दोन झाले, साडेतीन झाले. लॅपटॉप हूं की चूं करीना. मी घरी आणला, पुसलेलं सगळं जागच्या जागी ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी सात वाजून बारा मिनिटांनी ‘ळ’ कसा काढायचा हे दाखवत असताना तो पडला.

पुन्हा तयारी, पुन्हा टॅक्सी. या वेळी दुकानदाराने चार्जर बदलून दिला आणि दिवसभर लॅपटॉप ठेवून घेतला. संध्याकाळी गेले तर तो त्याच व्हिडिओत रंगलेला. दुकानदार चष्मा खाली घेत म्हणाला, “मॅडम, मशीन एकदम ओके है. प्रॉब्लेम तुमच्या घरात आहे.”

माझ्या घरात प्रॉब्लेम. लॅमिंग्टन रोडपासून लालबागपर्यंत टॅक्सीत मी मनातल्या मनात त्याला खूप बोलले. नाचता येईना अंगण वाकडं, असले हे दुकानदार. माझ्या घरात काय प्रॉब्लेम असणार?

त्या संध्याकाळी संस्थेच्या बाईंचा फोन आला. त्या ठाण्याला असतात, गोड बोलतात, त्यामुळे वाईट बातमी समजायला जरा वेळ लागतो. पालकांची तक्रार आली होती. मुलं खूश आहेत, पण वर्ग सारखा तुटतो. पुण्याच्या एक शिक्षिका मोकळ्या आहेत. पुढच्या शुक्रवारी संस्थेच्या बाई स्वतः वर्गात बसतील, आणि त्या दिवशी वर्ग तुटला तर बॅच पुण्याच्या बाईंना द्यावी लागेल. “तुमचा दोष नाही हो,” असंही त्या म्हणाल्या. पुण्याच्या बाईंविषयी मला काही माहीत नव्हतं. तरी मला त्या डोळ्यांसमोर दिसायला लागल्या, त्यांचं शुद्ध बोलणं, त्यांची न मिचकणारी ट्यूबलाइट, सगळं.

फोन ठेवला आणि मला रडू आलं. नवऱ्याने पेपर खाली ठेवला. तो म्हणाला, नवीन लॅपटॉप घेऊ. मी म्हटलं, नवीन घेतला आणि तोही पडला तर? आधी कळू दे तरी याला होतंय काय. आणि हे बोलत असतानाच मला समजलं की मी दोन आठवडे सगळ्यांना विचारत फिरत होते, पण मला जे काम येतं ते एकच काम मी केलं नव्हतं.

मी वही काढली. लांब, जाड पुठ्ठ्याची, ऑफिसातून निघताना आणलेल्या कोऱ्या वह्यांपैकी एक. पट्टीने रकाने आखले. अनुक्रमांक, दिनांक, वेळ, जागा, काय चालू होतं, शेरा. आधीचं आठवेल तेवढं भरलं, आणि त्या दिवसापासून लॅपटॉप वर्ग असो नसो सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू ठेवला. आवक-जावकीचा एक नियम असतो, की नोंद करताना विचार करायचा नाही. पत्र महत्त्वाचं आहे की नाही हे ठरवणारे आपण कोण? आलं, लिहिलं. विचार महिनाअखेरीला. माझ्याकडे महिनाअखेर नव्हती, पुढचा शुक्रवार होता.

शेऱ्याचा रकाना नवऱ्याकडे दिला, कारण वर्ग चालू असताना माझं लक्ष मुलांत असतं आणि कानांवर हेडफोन. तो टेबलाशेजारी स्टूल घेऊन बसायला लागला. बसच्या नोकरीत त्याने आयुष्यभर तिकिटं फाडली, तेव्हा बारीक अक्षरात पटकन लिहायची त्याला सवय. पंखा चालू. फ्रिज बंद. खाली मांडवाचं काम, ठोकाठोक. शेजारी कुकरच्या तीन शिट्ट्या. असलं काय वाट्टेल ते तो लिहायचा, आणि मी त्याला थांबवत नव्हते.

रविवारी तर मी लॅपटॉप पुसून, सजवून दादरला बहिणीकडे घेऊन गेले आणि तिच्या डायनिंग टेबलावर दोन तास चालू ठेवला. बहिणीला वाटलं मी तिला भेटायला आलेय. काही झालं नाही. तेही वहीत लिहिलं: दादर, दोन तास, निरंक. बहीण त्या दिवसापासून मला ‘निरीक्षक’ म्हणते.

मंगळवारी संध्याकाळी मी वही उघडून बसले. अकरा नोंदी. अकराही आमच्या खोलीतल्या. दुकान निरंक, दादर निरंक. म्हणजे तो चष्मेवाला खरं बोलत होता, आणि हे कबूल करायला मला एक अख्खा कप चहा लागला. मग मी शेरे वाचायला घेतले. पंखा कधी चालू, कधी बंद. फ्रिजचं तसंच. ठोकाठोक कधी आहे, कधी नाही. पण नवरा स्टुलावर बसायला लागल्यापासूनच्या सातही नोंदींपुढे त्याच्या बारीक अक्षरात एक गोष्ट होती: ट्यूब मिचकली.

“हे तू मला सांगितलं का नाहीस?” मी विचारलं.

“ट्यूब काय, आपलं लग्न झाल्यापासून मिचकते,” तो म्हणाला.

खरं होतं. आमच्या चाळीतल्या वायरी कोणी घातल्या हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. दरवर्षी कोणीतरी त्या बदलायचं काढतो आणि दरवर्षी दुसरा कोणीतरी म्हणतो, आता चाळीच्या जागी टॉवर होणारच आहे, कशाला खर्च? टॉवर येत नाही, वायरी बदलत नाहीत आणि दिवे मिचकत राहतात. आम्हाला ते दिसत नाही आणि चाळीतले आवाज ऐकूही येत नाहीत. एवढ्या दाटीत राहायचं तर कान आणि डोळे थोडे बंद ठेवावेच लागतात.

बुधवारी सकाळचा वर्ग कसाबसा पार पडला, मध्ये एकदा तुटून. मग मी हेडफोन काढून नुसती बसले, ट्यूबकडे बघत. अर्ध्या तासाने ती मिचकली. लॅपटॉप गेला. आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडून एक जाड घुर्रर्र असा आवाज सुरू झाला. तो आवाज मी रोज ऐकत होते, म्हणजे रोज ऐकत नव्हते. शेजारणीची घरघंटी.

शेजारीण मालवणची. नवरा गेल्यापासून ती घरी पीठ दळून विकते. भाजणी, वड्यांचं पीठ, आणि गणपतीच्या आधी मोदकांची तांदळाची पिठी. तिची पिठी इतकी मऊ की परळ-काळाचौकीपासून बायका डबे घेऊन येतात. सकाळचं पाणी भरून झालं की सातच्या पुढे ती घंटी लावते, मग दिवसभर जशी मागणी तशी. गणपती दहा-बारा दिवसांवर आले होते.

मी वही काखेत मारली आणि तिच्या दारात जाऊन उभी राहिले. माझा राग मला माहीत आहे. तो आधी बोलतो आणि मग विचार करतो. मी तिला सरळ सांगितलं की तुझ्या घंटीपायी माझी नोकरी जातेय, आणि वही तिच्या पुढ्यात धरून एकेका नोंदीवर बोट ठेवत वाचून दाखवली. ती कोपरापर्यंत पिठात. पापण्यासुद्धा पांढऱ्या. तिने सगळं ऐकून घेतलं, घंटी बंद केली आणि पदराला हात पुसले.

“ताई, सकाळी सातचा तास बंद ठेवीन मी, तुम्ही सांगताय तर,” ती म्हणाली. “पण हे दहा दिवस माझं अख्खं वर्ष असतं.”

मला तिचं वर्ष नको होतं, मला माझी बॅच हवी होती. दोन्ही एकाच वायरीवर लटकत होती. मी तिथेच उंबऱ्यात बसले. ती माझ्याजवळ टेकली. मग तिने असं काही विचारलं की जे मला, दुकानदाराला, नवऱ्याला, अख्ख्या मजल्याला सुचलं नव्हतं.

तिची लेक कॉलेजात जाते. लेकीचाही लॅपटॉप आहे, माझ्याइतकाच जुना, आणि ती तो घंटीच्या शेजारी बसून वापरते. दिवा मिचकतो, पंखा अडखळतो, पण लेकीचा लॅपटॉप कधी पडत नाही. मग माझाच का पडतो?

वहीवाल्या माणसाला प्रश्न मिळाला की त्याचं अर्धं काम होतं. आम्ही लेकीचा लॅपटॉप आणला आणि माझ्या टेबलावर, माझ्याच बोर्डाला, माझ्या लॅपटॉपच्या शेजारी लावला. शेजारीण परत गेली. ठरल्याप्रमाणे मी भिंतीवर तीनदा थापा मारल्या आणि तिने घंटी लावली. ट्यूब मिचकली. माझा गेला, लेकीचा जागचा हलला नाही. पुन्हा थापा, पुन्हा घंटी. माझा गेला, लेकीचा नाही. तिसऱ्यांदाही तसंच. नवरा शेऱ्यात लिहीत होता आणि मला कितीतरी दिवसांनी मजा येत होती.

शेजारीण परत आली. तिने पिठाचे हात साडीला पुसून दोन्ही लॅपटॉप दोन हातांत घेतले, बंदच करून. दिवसभर किलो-अर्धा किलो हातानेच ओळखणारी बाई ती. तराजू फक्त गिऱ्हाइकांच्या समाधानासाठी ठेवते. तिने माझा खाली-वर केला, लेकीचा खाली-वर केला, आणि कपाळाला आठी घातली.

“तुमचो हलको कसो गो, ताई?”

मी म्हटलं, मुळात हलका नाही, बॅटरी काढून ठेवलीय म्हणून तसा लागतो.

“बॅटरी खंय आसा?”

“कपाटात,” मी म्हटलं.

नवऱ्याने पेन्सिल खाली ठेवली. शेजारीण माझ्याकडे बघत राहिली. आणि ‘कपाटात’ हा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडून परत माझ्याच कानात गेला तेव्हा मला सगळं कळलं.

आता सांगते. लॅपटॉप घेतला तेव्हा ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं की सारखी चार्जिंगला राहिली की बॅटरी मरते. बास. एवढं आम्हाला पुरे. आमच्याकडे चांगली वस्तू वापरत नाहीत, जपतात. लग्नातला डिनर सेट आम्ही आजवर चारदा काढलाय. टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकमध्ये आहे. बॅटरी हा लॅपटॉपचा दागिनाच, तेव्हा तो रोज अंगावर कशाला? वायर लावली की चालतोय ना घरात? मी ती काढली, मलमलीच्या फडक्यात गुंडाळली आणि लोखंडी कपाटात, चांदीच्या निरांजनाशेजारी ठेवून दिली. घरात लॅपटॉप नुसत्या वायरीवर चालायचा, आणि वायर क्षणभर अडखळली की त्याला धरायला आत कोणीच नसायचं. बाहेर न्यायचा दिवस आला की मात्र मी त्याला दागिना घालून, नटवून न्यायची. दुकानदाराने आणि बहिणीने तो कायम नटलेलाच पाहिला. घरी आल्यावर मी दागिना उतरवून जागच्या जागी ठेवायची, आणि सकाळी सातला पडायला तो मोकळा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी दोनदा टॅक्सी करून घातला होता. वर एका कष्टाळू बाईच्या दारात वही घेऊन तिच्यावर आरोप करायला गेले होते. मला लाज वाटली, ती मी तिला तिथल्या तिथे सांगितली. पण खोटं कशाला बोलू, लाजेपेक्षा आनंद कितीतरी जास्त होता. मी उठून कपाट उघडलं, फडकं सोडलं आणि बॅटरी खट्कन जागेवर बसवली. शेजारीण पळत गेली. भिंतीवर थापा मी मारल्या की नवऱ्याने, आता आठवत नाही. घंटी घुरघुरली, ट्यूब मिचकली, पंखा अडखळला, आणि लॅपटॉप तसाच चालू राहिला. पडदा थोडा फिकटला आणि पुन्हा उजळला, एवढंच. आम्ही ते सहा वेळा केलं. चौथ्यानंतर गरज नव्हती. नवऱ्याने सहाही नोंदी लिहिल्या, आणि शेऱ्यात सहाही वेळा ‘निरंक’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

गुरुवारचा वर्ग सुरळीत गेला. शुक्रवारी सकाळी सहालाच शेजारीण दारात. आज राहू दे का, म्हणाली, आठनंतर लावते. एक दिवसाने काय होतंय, तुमची परीक्षा आहे. नवरासुद्धा म्हणाला, कशाला उगाच विषाची परीक्षा? दोघांचं बरोबर होतं. शहाण्या बाईने हो म्हटलं असतं. पण मला घंटी बंद ठेवून मिळालेली बॅच नको होती. मग मी रोज भिंतीला कान लावून बसले असते, आणि तिने रोज माझ्याकडे बघून घंटी लावली असती. मी तिला म्हटलं, रोजच्या वेळेला लाव. तिने आपल्या दारापाशी वळून पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, लाव.

सात वाजता वर्ग भरला. चार चौकटींत चार मुलं, पाचवीत संस्थेच्या बाई, हातात पेन घेऊन. विषय होता ‘आमचं स्वयंपाकघर’. मी वाटी, पळी, झारा दाखवत होते. सात वाजून दहा मिनिटांनी घुर्रर्र झालं. ट्यूब मिचकली. स्टुलावरचा नवरा अर्धवट उठला. मी हातातला झारा तसाच उंच धरून ठेवला. पडदा फिकटला, उजळला. पाचही जणं जिथल्या तिथे होती.

“बाई, तो कसला आवाज आहे?” चौघांतल्या धाकटीने विचारलं.

एरवी मी सांगितलं असतं की शेजारी दळण चाललंय, आणि पुढच्या झाऱ्याकडे वळले असते. पण त्या दिवशी माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मी हेडफोन उपटून ठेवला, लॅपटॉपमागे हात घातला आणि वायर काढली. नवऱ्याच्या तोंडून ‘अगं’ एवढंच निघालं. लॅपटॉप घरात पहिल्यांदा वायरीवाचून चालत होता. मी तो दोन हातांवर उचलला आणि गॅलरीत आले.

मुलांना मी आमची गॅलरी दाखवली, वाळत घातलेल्या साड्यांखालून वाकत वाकत शेजारणीच्या दारात गेले आणि लॅपटॉपचं तोंड घंटीकडे केलं. पांढऱ्या पापण्यांची बाई पाच अनोळखी माणसं बघून आधी दचकली, मग पदर सारखा करून सरळ बसली. मुलांनी विचारलं, हे काय? ती म्हणाली, तांदूळ धुतले, सावलीत वाळवले, आता दळते. कशाला? मोदकांक. चौघांतल्या मोठ्या मुलाने विचारलं, मोदकांक म्हणजे काय. मी सांगितलं, मोदकांसाठी, या मावशी मालवणी बोलतात. मग चौघांना मालवणी शिकायची होती. वर्गाचा विषय गेला कुठल्या कुठे. धाकटी, जी तीन आठवडे एका शब्दात उत्तरं द्यायची, तिने स्क्रीनच्या अगदी जवळ येऊन एक सबंध वाक्य म्हटलं, “मावशी, मला पीठ हातात घेऊन दाखवा.” शेजारणीने ओंजळ भरून समोर धरली. पीठ बोटांमधून गळत होतं आणि पलीकडे चार तोंडं उघडी होती.

संस्थेच्या बाई बोलल्या तेव्हा त्या आहेत हेच मी विसरले होते. त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, “पुढच्या महिन्यातही याच बाई शिकवतील तुम्हाला.” मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मागे नवरा हातात वायर आणि एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन येऊन उभा होता. हळूच म्हणाला, जुनी बॅटरी आहे, एवढ्यात एकोणीस टक्क्यांवर आली, आत चल. मी मान हलवून नाही म्हटलं. वर्गाची पंधरा मिनिटं उरली होती. शेजारणीने घंटीत नवे तांदूळ ओतले, मी तिच्या उंबऱ्यात बसून मांडीवर लॅपटॉप घेतला, आणि ‘पीठ’चं अनेकवचन काय, असं मुलांना विचारलं.